कवडूच्या बैलाचा गोष्टीशी संबंध

गोष्ट म्हटली का तिले ध्येय लागते, माणूस म्हटला का त्याले काळजी लागते, अन् ह्या दोघांची गाठ मारून द्याले सरकार लागते. हे तिन्ही एका जागी आले नव्हते तवापर्यंत आपल्या भागात नुसत्याच गोष्टी होत. राजा असे, राणी असे, राक्षस असे. राक्षस राणीले नेई, राजा तिले सोडवी, अन् लोक गाड्या जुंपून घरी जात. आपल्याले काय कमी आहे हे कोणाले समजतच नव्हतं, म्हणून सारे सुखी होते.

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या दिवाळीत हे सुख पांगरटोल्यातून उठलं.

पांगरटोला म्हणजे नवेगाव बांधाच्या तलावाची जी पाळ, म्हणजे मातीची भिंत, तिच्याखालची वस्ती. घरं एकेचाळीस, विहिरी दोन, दंडार मंडळ एक. (दंडार म्हणजे गाणं, नाच अन् नाटक हे तिन्ही एकाच माणसाकडून एकाच दमात करून घेणं.) भाऊबीज झाली का आपल्याकडं एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, ठरते. चाळीस गावचे लोक येतात, जिलेबी खातात, पोरीसाठी घर पाहून घेतात, अन् भर दुपारी आखरावर बसून दंडार पाहतात. आखर म्हणजे जिथं सकाळी गावची ढोरं जमतात ते मैदान. सकाळी ढोरं, दुपारी दंडार. झाडलोट एकदाच करा लागते.

ह्या दंडारीत कवडूचं काम सगळ्यात लहान होतं. गोष्ट कोणतीही असो, राजा राक्षसाच्या छातीवर पाय देऊन तलवार उगारे, तवाच डाव्या बाजूनं कवडू हातात जुना दोर घेऊन येई अन् लोकायकडं तोंड करून विचारे, "माह्या ढवरा बैल कोनी पाह्यला का जी?"

मंग कानामागं हात धरून पाच-सहा श्वास उभा राही. अन् निघून जाई.

लोक लोळून लोळून हासत. मंडळानं एका वर्षी टाळ्यांची मोजणी केली होती. तलवारीले बारा टाळ्या, राणीच्या रडण्याले सात. कवडूच्या मोजता आल्या नाहीत, कारण मोजणाराही हासून राहिला होता. जाणते लोक म्हणत का खरी कला त्या पाच-सहा श्वासांत आहे. कसा उभा राहते! जसं काही खरंच कोणी सांगणार आहे!

हे काम सुरू कसं झालं तेही सांगतो... सांगतो काय, साऱ्या टोल्याले ठाऊक आहे. सन सत्तेचाळीसमध्ये देश स्वतंत्र झाला. तीन महिन्यांनी कवडूचा बैलही झाला. मंडईच्या दिवशी सकाळी दोर तोडून गेला. चार वर्षांचा ढवरा, म्हणजे पांढरा, बैल. कवडू सात गावं पालथी घालून दुपारी आखरावर पोचला, तं चाळीस गावं एकाच जागी बसलेली. एकेका गावाले जाऊन विचाराले चार महिने लागले असते. इथं एकदाच विचारलं का झालं. तो राजाच्या अन् राक्षसाच्या मधून सरळ आत गेला अन् विचारलं.

दंडार मंडळाचे अध्यक्ष टिकाराम, जे राजाही होत, ते त्याले मागाहून म्हणाले, "कवडू, पुढच्या वर्षीही ये गा!"

कवडू म्हणाला, "येतो ना जी."

टिकारामले वाटलं, नट भेटला. कवडूले वाटलं, गावाले आपल्या बैलाची काळजी आहे. दोघांचाही गैरसमज इतका पक्का होता का अकरा वर्ष त्याले भेग पडली नाही. कवडूनं एकही मंडई चुकवली नाही. अशी निष्ठा नटायमध्ये कमीच दिसते.

आता सरकारकडं येऊ. दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती. धरणाले ध्येय होतं, कोंबडीले ध्येय होतं, संडासाले सुद्धा होतं. तवा एका खात्याच्या ध्यानात आलं का खेड्यातल्या गोष्टी अजून बिनाध्येयाच्याच फिरून राहिल्या आहेत. म्हणून ग्रामनाट्य ध्येय तपासणी सुरू झाली. जे मंडळ पास होईन त्याले एक गॅसबत्ती.

"दंडार तं दुपारी होते. बत्तीचं काय कराचं?" असं रुख्मानं विचारलं. रुख्मा म्हणजे कवडूची बायको. टिकारामनं तिले समजावून सांगितलं का बाई, बत्ती उजेडासाठी नसते, मंडळासाठी असते.

तपासणीले गोंदियाहून नंदलालजी आले. छोट्या रुळाच्या रेल्वेनं आले, पुढं सायकलनं आले, अन् कॅरेजले फारमाचा गठ्ठा बांधून आले. माणूस वाईट नव्हता. दिलेला चहा पूर्ण पीत अन् सांगितलेलं पूर्ण लिहीत. मंडईले चार दिवस होते. टिकारामच्या अंगणात बाज टाकली, तिच्यावर साहेब बसले, अन् नमुना ‘क’ उघडला. त्याचे रकाने असे: पात्राचे नाव. पात्राची काळजी. सदर काळजीचा ध्येयाशी संबंध (आहे, अंशतः, नाही). संबंध नसल्यास पात्र कोणत्या तारखेस वगळले.

"देखो भाई," साहेब म्हणाले, "ध्येय सबका एक. काळजी हरेक की अपनी-अपनी. पर ती काळजी ध्येयाच्या रस्त्यावर पाहिजे. इकडं-तिकडं भटकनेवाली नही चलेगी. समझे?"

सारे म्हणाले, समजलं. (पांगरटोल्यात समजलं म्हणायले कधीच वेळ लागत नाही.)

"और कलम सात ध्यान में रखना. ज्या काळजीत पात्रांचे बहुमत असेल, तेच गोष्टीचे ध्येय मानण्यात येईल."

हे कलम कोणीच ऐकलं नाही. रुख्मा तेवढी कुडाजवळ सुपात तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थोडा वेळ थांबलं.

"तो, गोष्टीचं ध्येय काय?"

टिकाराम म्हणाले, "मंडई पार पडनं."

"वो तुम्हारा. गोष्टीचं?"

"राणीले सोडवनं होय जी," दुधराम म्हणाला. तो दरवर्षी राणी होत असल्यामुळं त्याले आपल्या सुटकेची माहिती होती.

साहेबांनी लिहून घेतलं: ध्येय, राणीची सुटका. मंग एकेकाले पुढं बोलावलं. आधी राजा.

"राजा की काळजी?"

टिकारामनं खरं तेच सांगितलं. "धानाचा पुंजना बांधीत उघडा पडून आहे जी. मी इकडं राणीमागं धावलो का तिकडं ढोरं पुंजन्यात." (पुंजना म्हणजे कापल्या धानाची गंजी, बांधी म्हणजे धानाचं शेत.)

"राजा को धान की काळजी?"

"राजा होय म्हनून का जेवत नाही?"

साहेबांनी विचार केला अन् लिहिलं: संबंध अंशतः आहे. राणी लवकर सुटल्यास राजा लवकर बांधीत जाईल.

मंग राणी. दुधरामच्या मिशा होत्या, त्या मंडईच्या दिवशी पदराखाली जात. "लुगडं जी," तो म्हणाला. "माह्या घरच्या बाईचं लग्नातलं आहे. राक्षस मले ओढत नेते, अन् राजा वापस ओढत आणते. एकीकडूनच ओढलं तं लुगडं टिकन, दोन्हीकडून ओढलं तं फाटते."

"फटा तो?"

"तं मी घरी जात नाही. राक्षसाकडंच राहतो."

साहेबांनी लिहिलं: संबंध नाही. राणी सुटण्यास राजी नसल्याचा संभव.

मंग राक्षस. उदाराम अंगानं काडी होता. राक्षसाचं काम त्याच्याकडं आवाजामुळं आलं होतं. "मराची काळजी आहे जी," तो म्हणाला.

"मरने का डर लगता है?"

"डर नाही जी, घाई. मी मेलो का मोकरा. तिकडं पंगतीचा भात उतरलेला असते. पहिले बसनाऱ्यायले गरम भेटते. अन् हे आमचे राजे माह्या छातीवर पाय ठेवून तीन तीन गाने म्हनतात! मेल्यावर पोचतो तं खरवड."

नंदलालजी गहिवरले. ध्येयाची एवढी तळमळ खुद्द राजाले नव्हती. त्यांनी हिशेब करून सांगितला. राणीच्या सुटकेची काळजी राक्षसाले शंभर टक्के, राजाले चाळीस टक्के, राणीले वजा दहा. टिकारामले थोडं वाईट वाटलं, पण टक्क्याशी भांडणार कोण?

शेवटी कवडू पुढं आला.

"आणि तुम्हारी?"

"बैल जी."

"वो तो पात्र की. तुम्हारी खुद की?"

"बैल."

"अरे भाई, पात्र की अलग, नट की अलग. राजाले राणीची, टिकारामले धानाची. वैसे पात्राले बैलाची, और तुमको?"

कवडूनं साहेबांकडं नीट पाहिलं. माणूस शिकलेला दिसत होता. "बैलाचीच होय जी. ढवरा आहे. डाव्या शिंगाचं टोक तुटलं आहे. अवाज देल्ला का मान वाकडी करते. तुमी गोंदियाकडं पाह्यला का?"

अंगणात हशा पिकला. उदारामनं तं डोळे पुसले. "साहेबायच्या समोर पन करून दाखवला, काय नट आहे बे!"

साहेबांनी लेखणी खाली ठेवली अन् परत उचलली. शेऱ्यात लिहिलं: पात्र व नट यांची काळजी एकच. असा प्रकार तपासणीत प्रथमच. मंग पुढच्या रकान्यात लिहिलं: संबंध नाही. मंग शेवटच्या रकान्यात तारीख घातली.

"काऊन जी?" कवडूनं विचारलं.

"राणी का और बैल का क्या संबंध?"

कवडूनं मनापासून विचार केला. "राणी राक्षसानं नेली, तं बैलही त्यानंच नेला असन."

"मले कायले मधात आणतो बे?" राक्षस म्हणाला.

"सबूत नहीं है," साहेब म्हणाले, अन् फारम बंद केला.

टिकाराम कवडूले बाजूले घेऊन गेले. "एका वर्षाची बात आहे गा. बत्ती येऊ दे. मंग पुढच्या वर्षी बत्ती घेऊन शोध."

कवडू घरी येऊन दोर मांडीवर घेऊन बसला. एक वर्ष म्हणायले टिकारामचं काय जात होतं? बैल चार वर्षांचा गेला होता, आता पंधराचा झाला असन. पंधराच्या बैलाले आणखी किती मंडया राहतात? चाळीस गावं वर्षातून एकदाच एका जागी बसतात, अन् त्या एकदाले कवडूनं तोंड बंद करून बसाचं, कारण राणीशी संबंध नाही. राणी म्हणजे कोण, तं दुधराम!

"तोंड कायले पाडून बसले?" रुख्मानं विचारलं.

"काढून टाकलं मले."

"साहेबानं?"

"तारीख घालून."

"बोलला काय तो?"

"साऱ्यायची काळजी एका रस्त्यावर पाहिजे म्हने. माही एकट्याचीच अलग निघाली."

"बस? एवढंच?"

"तुले एवढंच वाटते?"

"अवो, मंग तुमची कायले बदलाची? तुमची अकरा वर्षांची जुनी आहे, ते काय आता निघते? बाकीच्यायची बदलून देऊ. त्यायची तं आत्ताची, कच्ची आहे." असं म्हणून ती भात वाढाले उठली. कवडूले ह्यातलं काही समजलं नाही. पण रुख्मा बोलली अन् कवडूले समजलं नाही, असं लग्न झाल्यापासून चालूच होतं, म्हणून तो जेवला.

मंडईचा दिवस उगवला. चाळीस गावच्या गाड्या नेहमीसारख्या नाल्यापलीकडं सुटल्या. आखर भरला. नंदलालजींसाठी पुढं खुर्ची ठेवली होती. कवडू जन्मात पहिल्यांदा दंडार पाहाले लोकायमध्ये बसला, मांडीवर दोर. रुख्मा फार उशिरा आली. तिच्या लुगड्याले गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती.

"कुठं गेलती?"

"काडीकचरा पाहाले," ती म्हणाली, अन् एकेक कुसळ काढत बसली.

दंडार रंगली. राक्षसानं राणीले एकीकडूनच ओढून नेलं. राक्षसाची गुहा म्हणजे उभी केलेली बाज. राणी तिच्यामागं लुगडं सावरून बसली. राजानं राक्षसाले आडवं केलं, छातीवर पाय दिला, तलवार उगारली. चाळीस गावं डावीकडं पाहू लागली. डावीकडून कोणी आलं नाही.

"बैलवाला कुठं गेला?" मागून कोणी ओरडलं.

तवा उजवीकडून टिकारामची बायको सुशिलाबाई धावत आली, सरळ राजा-राक्षसाच्या मधात. "अवो, लाखा कोठ्यात नाही! दोर सुटला आहे!"

राजाची तलवार खाली आली. त्यानं राक्षसाकडं पाहिलं, गुहेकडं पाहिलं, मंग लोकायकडं तोंड केलं. "माह्या लाखा बैल कोनी पाह्यला का जी?"

आखर हासून फुटला. लोक म्हणाले, वा! यंदा राजालेच दिलं हे काम!

"पहिले मले मार ना बे!" खालून राक्षस कण्हला. "भात उतरला असन!"

"उदारामभाऊ, तुमचाही बांड्या नाही जी कोठ्यात!" तिच्यामागूनच धावत आलेली देवकाबाई ओरडली. ती दुधरामची बायको, जिचं लुगडं. "अन् अवो, ऐकलं का, आपलाही गेला!"

राक्षस पाय बाजूले सारून उठून बसला. गुहेतून राणी पदर खोचून बाहेर आली, मिशा सगट. तिघं एका ओळीत उभे राहिले, अन् तिघायनं एका सुरात विचारलं. सत्तेचाळीसपासून पांगरटोल्यात इतकी टाळी पडली नव्हती. एक म्हातारा तं हासता हासता उपडा झाला, त्याले पाणी पाजा लागलं.

फक्त नंदलालजी हासले नाहीत. त्यांनी फारम काढला. पात्रं तीन, काळजी एक. बहुमत म्हणावं तं पूर्ण. कलम सात त्यांनी दोनदा वाचलं. मंग ‘राणीची सुटका’ यावर रेघ मारली, वर ‘बैलाचा शोध’ असं लिहिलं, अन् बाजूले सही केली. अशा रीतीनं भर दुपारी, चाळीस गावांसमोर, गोष्टीचं ध्येय बदललं, अन् काळजी साऱ्यायची शंभर टक्के जुळली. एकच रकाना रिकामा राहिला: ध्येयपूर्ती झाली काय?

रिकामा रकाना ठेवून नंदलालजी कधी घरी गेले नव्हते. ते खुर्चीवर चढले, टिनाचा भोंगा तोंडाले लावला, अन् कागदावरून वाचलं: "सर्व उपस्थितांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाचे बैल कोणाचे पाहण्यात आले असल्यास त्यांनी तात्काळ हजर होऊन सांगावे."

आखर चुप झाला. तोंडानं विचारलं तं नाटक असते, कागदावरून वाचलं तं खरं असते, एवढी अक्कल आपल्या लोकायले दोन योजनांमध्ये आली होती.

"पाळीमागं आहेत तीन," एक मासे धरणारा लगेच उठून म्हणाला. "एकाच झाडाले बांधून. समोर तणस टाकला आहे, पान्याची घमेली ठेवली आहे."

(चोर दयाळू असावा, अशी नोंद झाली.)

"और किसी का बैल?" साहेबांनी रीत म्हणून विचारलं.

कवडू उठला. रुख्मानं त्याले कोपर मारलं तवाच उठला, पण उठला.

"तुमको तो वगळा है," साहेब म्हणाले.

"पात्र नाही तं नाही जी. मानूस म्हनून विचारतो."

साहेबांनी गठ्ठा उलटापालटा केला. माणसासाठी फारम नव्हता. तवा त्यांनी पात्राचाच घेतला अन् भोंग्यातून वाचला: "बैल एक. रंग पांढरा. डाव्या शिंगाचे टोक तुटलेले. आवाज दिल्यास मान वाकडी करतो. हरवल्याचे साल सत्तेचाळीस."

कवडूनं कानामागं हात धरला. पहिला श्वास झाला. दुसरा झाला. ह्या वेळी कोणी हासलं नाही, म्हणून त्याले स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. चौथ्याले समोरच्या रांगेतून एक माणूस उठला. चिचगडचा शालीकराम, जंगलाकडचा शेतकरी, हातात जिलेबीचा पुडा.

"डावं शिंग म्हनता?"

"हो गा," कवडू म्हणाला.

"डावीकडंच मान वाकडी करते?"

"डावीकडंच."

"बाप्पा! तो तं नाल्यापलीकडं उभा आहे. त्यालेच जुंपून आलो ना मी! त्या साली आमच्या जंगलात भेटला. वाट पाह्यली, कोनी पुसाले आला नाही, म्हनून ठेवला."

"कोनी आला नाही?" कवडू दोर घेऊन पुढं आला. "मी दरवर्षी इथं उभा राहून विचारून राहिलो. तू येतस का नाही मंडईले?"

"दरवर्षी येतो ना. इथंच समोर बसतो. तुनं विचारलं का साऱ्यायच्या पहिले मीच हासतो." शालीकराम जिलेबीच्या पुड्याकडं पाहत म्हणाला. "मले वाटलं, नाटकातला बैल होय."

म्हणजे तो बैल सालोसाल मंडईले येत होता. वर्षातून एकच दिवस तो पांगरटोल्यात असे, अन् त्याच दिवशी कवडू त्याले शोधण्यात गुंतलेला असे.

सारा आखर नाल्यापलीकडं गेला. नंदलालजी हरकत घेत मागं मागं आले. बैल हरवला तवा मध्यप्रांत होता, अन् सापडते तवा मुंबई राज्य. दोन राज्यांमधला मामला, तो एका फारमात कसा बसवाचा? बैलाले ह्याची काही माहिती नव्हती. तो बिचारा आठ-दहा कोसांतच राहिला होता.

ढवरा गाडीजवळ तणस खात होता. हाडं वर आली होती. कवडूनं दुरूनच आवाज दिला. मान डावीकडं वाकडी झाली. कवडू जवळ गेला, दोर नाकाजवळ धरला. बैलानं दोर हुंगला, चाटला. मंग शालीकरामकडं पाहिलं. मंग कवडूकडं पाहिलं. मंग परत तणस खाल्ला. (बैलाची काळजी लिहाले फारमात रकाना नव्हता.)

शालीकरामनं आपल्या हातानं दावं सोडलं, मानेवरून एकदा हात फिरवला, अन् बाजूले झाला. चिचगडले तो आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीमागं बांधून गेला.

नंदलालजींचा अहवाल मोठा चांगला झाला. पात्रांच्या काळजीचा ध्येयाशी संबंध: शंभर टक्के. शोधायचे बैल: चार. सापडले: चार. राक्षस: जिवंत. राणी: एक, शिल्लक. (तिले सोडवाचं राहूनच गेलं होतं. दुधराम परत जाऊन संध्याकाळपर्यंत बाजेमागं बसून होता, कारण राजानं सुटकेचं वाक्य म्हटल्याशिवाय कसं निघाचं? अंधार पडला तवा देवकाबाई येऊन लुगडं मोजून घेऊन गेली, मंग तोही गेला.) मंडळाले गॅसबत्ती भेटली. ती टिकारामच्या घरी आहे. मंडळाची असल्यामुळं कोणी पेटवत नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे एकोणसाठले, परत मंडई भरली. कवडूले काम नव्हतं. त्याची काळजी मिटली होती, अन् काळजी मिटलेल्या माणसाले गोष्टीत जागा नसते, त्याले लोकायमध्ये बसा लागते. तो पहिल्या रांगेत बसला. बाजूले रुख्मा, हातात जिलेबीचा पुडा. ढवरा घरी कोठ्यात रवंथ करत होता. राजानं राक्षसाच्या छातीवर पाय दिला, तलवार उगारली.

डावीकडून एक माणूस आला. पायी आलेला दिसत होता, धुळीनं भरलेला. लोकायकडं तोंड करून उभा राहिला अन् विचारलं, "ढवरा कसा आहे जी? खाते का?"

मंग कानामागं हात धरून पाच-सहा श्वास थांबला.

काय हासले लोक! साऱ्यायच्या पहिले कवडू हासला. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण नाव काही आठवेना. "मंडळानं यंदा चांगला नट आणला," तो म्हणाला. "कसा उभा राहते पाह्य! जसं काही खरंच कोणी सांगणार आहे!"

हे ऐकवाले तो रुख्माकडं वळला. तिची जागा रिकामी होती, मागच्या मंडईले बैल सुटले तवा होती तशीच.

पुढं काय झालं ते सांगाची गरज नाही. तुम्ही इतका वेळ हे सारं निवांत वाचलं, मधामधात हासलेही असाल, म्हणजे तुमचा बैल तुमच्या कोठ्यात पक्का बांधलेला आहे, असंच तुम्ही धरून चालले आहात. असन बाप्पा, बांधलेला असन. पण मघापासून रुख्मा कुठं दिसली का तुम्हाले?